वरताळ्याचं दूध

पिठाच्या गिरणीत माझ्यापुढची बाई एवढंच म्हणाली, "ऐकलंत का, त्या रेवूच्या हरणीची शिंगं सोन्याची झा..." आणि गिरणी सुरू झाली. पुढचं सगळं घरघरीत गेलं. मी दळण तिथेच ठेवून निघाले. विचारल्याशिवाय मला कुठं राहवतंय?

रेवू आमच्या शेजारची. नऊ वर्षांची पोर, वडील नाहीत, आई केवळा, आणि गोठ्यात एकुलती एक गाय, हरणी. रेवू घरोघर दूध घालायची. माप भरलं की वर आणखी थोडं सोडायची. त्या वरच्या दुधाला आमच्याकडे वरताळा म्हणतात.

"वरताळ्यातच चरवी रिकामी करशील," केवळा म्हणायची.

"मापातलं विकलं, आई. वरचं दिलं," रेवू म्हणायची.

पण वर्षागणिक कडबा महागत गेला, दुधाचा भाव मात्र तिथंच बसून राहिला. एकेक गोठा रिकामा झाला. मीही माझी गंगी विकली आणि दुकानातून पिशवीचं दूध आणू लागले. रेवूकडून घेता आलं असतं. पण पिशवी जरा स्वस्त पडायची, झालं.

यंदा कुरण दिवाळीतच वाळलं. केवळा म्हणाली, "मंगळवारी हरणीला बाजारात न्यायची."

सोमवारी रेवू हरणीला घेऊन कुरणात गेली. एका बाभळीवर तेवढी फुलं होती, पिवळी पिवळी, मऊ मऊ, इवल्या गोंड्यांसारखी. त्यातला एक गोंडा लुकलुकला आणि टुणकन हरणीच्या शिंगावर येऊन बसला. बोटाएवढी परी होती ती. पंख कसे, दवात भिजलेल्या कोवळ्या उन्हासारखे.

"भूक लागलीय गं," परी म्हणाली.

रेवूनं पानाचा चिमुकला द्रोण केला, दूध काढलं, आणि भरल्यावर वर एक धार सोडली.

"ही कशाला?"

"वरताळा."

परी खुदकन हसली. "मग तूही माग काहीतरी. पण एकच. स्वतःपुरतं मागशील, तर दिवस मावळेपर्यंतच टिकेल."

रेवू हरणीच्या मानेवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "गावातल्या सगळ्या गाईंना पुरेल एवढं गवत दे."

परीचे पंख जरासे मिटले. "उशीर झाला, राणी. इथं चाळीस गाई यायच्या. आता तीनच राहिल्यात. विकलेल्या मला परत आणता येत नाहीत."

"मग तिघींना तरी दे."

परीनं दोन्ही शिंगांवरून बोटं फिरवली. "आणि हा माझा वरताळा," म्हणाली, आणि पिवळ्या, केशरी, रुपेरी उजेडात विरून गेली. उजेड ओसरला तेव्हा कुरणात गुडघाभर हिरवं गवत डुलत होतं. कडबा विकत घ्यायला नको, मग हरणीला विकायला तरी कशाला? केवळानं बाजाराचा दोर सोडून ठेवला.

हे सगळं रेवूनंच मला सांगितलं, गोठ्याच्या दारात. मी पुढं होऊन शिंगावर पदर घासला. सोनं नव्हतं. पदराला बाभळीचा पिवळा पराग लागला. परागाखालचं शिंग मात्र ऊन नसतानाही चमकत होतं.

माझं कुरणाकडे लक्ष गेलं. एवढं गवत, आणि खायला तिघीच.

"काकी, आजपासून दूध घालू?" रेवूनं विचारलं.

मी घरी जाऊन गंगीची चरवी घासून आणली. रेवूनं माप भरलं, आणि वर धार सोडली.