दर्भाचा कावळा

एका राज्यात म्हातारे उदंड होते, आणि सगळ्या म्हाताऱ्यांचं स्वप्न एकच होतं: आपलं पोर पल्याड जावं. पल्याड म्हणजे खाऱ्या नदीपलीकडचं नवं राज्य. तिथले रस्ते आरशासारखे, विहिरींचं पाणी उसाच्या रसासारखं, तिथल्या मोलकरणीसुद्धा रेशीम नेसतात, असं म्हणत. कोण म्हणत? ज्यांनी जन्मात नदी ओलांडली नाही, ते म्हणत.

पल्याडच्या राणीचा एक कायदा होता. ज्याचं मागे कोणी उरलं नाही, त्यालाच वेशीच्या आत घ्यायचं. मागे माणसं असली की मन तिकडेच घोटाळतं, आणि अर्ध्या मनाची रयत तिला नको होती. म्हणून वेशीबाहेर, नदीकाठी आईबापांच्या नावाने पिंड ठेवायचा. कावळा शिवला की पिंड नदीत सोडायचा आणि दार आपोआप उघडायचं.

आता कावळा काही जिवंत माणसाच्या पिंडाला शिवत नाही. त्याला सगळं कळतं. मग म्हातारे पारावर बसले, तीन दिवस तंबाखू मळली, आणि तोड काढली. कावळा आलाच नाही तर दर्भाचा करून लावतात, ही रीत आहेच की! त्यांनी दर्भाचार्य नावाचा मांत्रिक गाठला आणि त्याला वेशीपाशी बसवला. तो दर्भाला सात गाठी मारून कावळा करी. कावळा पंख झाडी, पिंडाला चोच लावी, दार उघडे, पोर आत जाई. इकडे म्हातारे पेढे वाटीत आणि म्हणत, "गवताचा कावळा तो. त्याच्या शिवण्याने कोण मरतंय?"

मेलं कोणीच नाही. झालं ते असं, की ज्याच्या नावाने पिंड पडला त्याचा आवाज त्या घटकेपासून कोणाच्याच कानी पडेना. ओठ हलत, शब्द नाही. आणि त्याला मरणही येईना. एकदा मेलेल्याला दुसरं मरण कोण देणार? ज्यांची पोरं अजून जायची होती ते म्हणत, "आनंदाने वाचा बसली बिचाऱ्याची," आणि आपल्या पोराच्या मागे लागत. खुद्द राजाचे दोन्ही मुलगे पल्याड गेले होते. राजा कित्येक वर्षं बोलत नाही, हे दरबारात कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

अशा या राज्यात सटवाजी नावाचा माहूत होता. बायको बाळंतपणात गेलेली, मुलगी एकच, गोजरी. सटवाजीच्या आवाजात अशी जरब होती, की त्याने "थांब" म्हटलं की हत्तीच काय, रस्त्यातली लग्नाची वरातही थांबे. गोजरी अठरा वर्षांची झाली तेव्हा त्याने तिला नदीपार नेली आणि वेशीपाशी उभी केली.

"पिंड ठेव. माझं नाव स्पष्ट घे. पुटपुटू नकोस."

"बा, हे बरं दिसतं का?"

"कोण बघतंय इथे? मांत्रिक आपला, कावळा आपला. घे नाव."

गोजरीने नाव घेतलं. पुढे तिला सगळ्यात जास्त लाज याच गोष्टीची वाटली. तिची जीभ जरासुद्धा अडखळली नव्हती. दार उघडलं तशी ती आत शिरली आणि दार मिटलं. मागून बा काही म्हणाला का, हे तिला कधी कळलं नाही. म्हणाला असता, तरी ऐकू आलं नसतं.

पल्याडचे रस्ते रस्त्यांसारखेच होते. पाणी पाण्यासारखं होतं. पण राणी खरोखर मायाळू होती. तिने गोजरीला महालातल्या हंसांना दाणे घालायचं काम दिलं, निजायला खोली दिली. दरवर्षी ती अशा सगळ्या पोरक्यांची पंगत मांडी आणि स्वतः वाढी. वाढता वाढता विचारी, "मागे कोणी नाही ना, बाळ?" प्रत्येकाने "कोणी नाही" म्हणायचं आणि मग पहिला घास घ्यायचा.

पहिल्याच वर्षी राणीने विचारलं, "वडील कशाने गेले?"

गोजरीला बाचा हत्तीखाना आठवला. ती म्हणाली, "हत्तीच्या पायाखाली."

राणीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने गोजरीला बासुंदीची वाटी जास्तीची दिली. दुसऱ्या वर्षी गोजरीने हत्ती कसा उधळला तेही सांगितलं. तिसऱ्या वर्षी हत्तीचं नाव सांगून टाकलं, भोपळ्या. चौथ्या वर्षी सांगताना ती स्वतःच रडली, आणि रडताना तिला बरं वाटलं. बासुंदी तर मिळतच होती.

पाचव्या वर्षी, पंगतीच्या आदल्या दिवशी, टळटळीत दुपारी एक डोमकावळा हंसांच्या हौदावर येऊन बसला.

"सटवाजीची गोजरी तूच ना?"

"माझं मागे कोणी नाही," गोजरी सवयीने म्हणाली.

"ते मला नको सांगू. मी कावळा आहे."

गोजरीच्या हातातले दाणे खाली पडले.

"तुझा बाप हत्तीखाली आला," कावळा म्हणाला. "पाच वर्षं त्याने पाठीवर बसून टाचेने आणि अंकुशाने निभावलं. परवा पायातला साखळदंड सोडवायला खाली वाकला. भोपळ्याने पाय उचलला. बाप ओरडला, थांब. हत्तीला ऐकू गेलं नाही. छाती चेचली आहे. एवढ्याने माणूस मरतो. त्याला मरता येत नाही आणि कण्हणंही कोणाला ऐकू येत नाही. आम्हा कावळ्यांना तेवढं येतं, आणि आमची झोप उडाली आहे."

हत्तीचा पाय तिने बापाच्या छातीवर चार वेळा ठेवला होता. पाचव्यांदा हत्तीने ठेवला.

"काय करू?"

"तीन कामं. तुझा दर्भाचा कावळा शोध आणि त्याच्या गाठी सोड. नदीच्या तळातून तुझा पिंड वर काढ. आणि ज्या तोंडाने मेला म्हणालीस, त्याच तोंडाने राणीपुढे जिवंत म्हण."

"त्यानंतर इथली जागा?"

"जाईल," कावळा म्हणाला आणि उडून गेला.

हा प्रश्न आपल्या तोंडून आधी निघाला, हे गोजरीच्या ध्यानात आलं. पण ती निघाली.

दर्भाचार्य वेशीबाहेरच्या झोपडीत पाय पसरून बसला होता. आढ्याला शेकडो गवताचे कावळे टांगलेले. गोजरी चिडून म्हणाली, "मांत्रिका, तू आमचं वाटोळं केलंस."

"मी?" मांत्रिक हसला. "मला पालखी पाठवून आणला तुमच्या म्हाताऱ्यांनी. मी विचारलं होतं, पुढे काय होईल ते सांगू का? ते म्हणाले, नको, मुहूर्त टळेल. जा, ने तुझा कावळा. दुसऱ्याचा सोडलास तर हाताचं गवत होईल."

सगळे कावळे मान वळवून गोजरीकडे पाहू लागले. एकाने तेवढी पाठ फिरवली. तिने ओळखलं. दर्भाची पाती सुरीसारखी धारदार, सात गाठी सोडताना तिची दहाही बोटं चिरली. सातवी गाठ सुटली आणि हातात नुसतं गवत उरलं.

"त्यातली एक काडी दातांत धर," मांत्रिक म्हणाला. "नदी तुला बुडवणार नाही."

काडी दातांत धरून गोजरी नदीत उतरली. तळाशी पिंड पांढऱ्या गोट्यांसारखे रांगेने पडले होते. एकही विरघळला नव्हता, आणि प्रत्येकातून आवाज येत होता. कोणाच्याच कानी न पडलेले सगळे आवाज तिथे साठले होते. एक बाई म्हणत होती, "थंडीत डोक्याला बांधतोस ना रे?" आळीतली एक म्हातारी दाण्याचे लाडू कसे टिकवायचे ते सांगत होती. राजाचा पिंड चांदीच्या ताटलीत होता आणि तो नुसता उसासे टाकत होता. गोजरी वाकून वाकून ऐकत गेली, आणि एका पिंडापाशी थबकली.

"आमची गोजरी पल्याड असते!" सटवाजीचा आवाज सांगत होता. "राणीच्या महालात! अहो, ऐकताय ना? तात्या, तुम्हाला सांगतोय. आमची गोजरी..."

पाच वर्षं तो पारावर बसून बढाई मारत होता, आणि एकालाही ती ऐकू आली नव्हती. एवढ्यासाठी तर बाने आवाज घालवला होता. गोजरीला हसू आलं आणि त्याच घशातून रडूही आलं. मग आतला आवाज बदलला. "थांब. भोपळ्या, थांब. थांब रे राजा." त्यापुढे शब्द नव्हते.

तिने पिंड ओटीत घेतला आणि वर आली. दोन कामं झाली होती. बोटांतून रक्त गळत होतं, पण तिला स्वतःचा थोडा अभिमान वाटला. तिसरं काम तर एका वाक्याचं होतं.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. तीनशे पानं मांडली होती. गोजरीच्या शेजारी तिच्याच आळीतला हरबा बसला होता. त्याचे आईबाप दोघंही तिकडे तोंड हलवत बसलेले. त्याला तिची ओटी दिसली.

"काय आहे ते?"

"बा."

हरबा पांढराफटक पडला. "गोजरे, शहाणपणा करू नकोस. तुझं जायचं ते जाईल, आमचंही घेऊन जाशील. मला इथे पोर झालंय."

"तुझी आई लाडवांचं काहीतरी..."

"गप. जेव."

राणी वाढत वाढत आली. तिच्या हाताला वेलदोड्याचा वास होता. "मागे कोणी नाही ना, बाळ?"

"कोणी नाही," गोजरी म्हणाली.

तिने ठरवलं नव्हतं. ते आपसूक निघालं, शिंकेसारखं. ओटीतला पिंड जात्याच्या तळीइतका जड झाला. राणी पुढे सरकली. हरब्याने सुस्कारा सोडून बासुंदी ओरपली. राणी एक पान पुढे गेली, दोन गेली, तीन गेली. नदीच्या तळाशी जाणारी, दर्भाने बोटं चिरून घेणारी गोजरी आपल्या पानावर मान खाली घालून बसली होती, आणि तिला कळून चुकलं की आणखी दोन पानं गेली तर आपण हा पिंड परसात पुरणार आणि पुढच्या वर्षी बासुंदी मागून घेणार.

"राणीसाहेब," ती ओरडली. "मागे या. मी खोटं बोलले."

पंगतीत घास थांबले.

"माझा बाप जिवंत आहे. सटवाजी माहूत त्याचं नाव. मी आले तेव्हा धडधाकट होता. त्याला हत्तीने मारलं असं मी तुम्हाला चार वर्षं सांगितलं. मी सांगितलेलं हत्तीने आता केलं."

राणी पळी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"मी तुझ्या बापासाठी रडले होते," ती शेवटी म्हणाली.

"हो. मी बघत होते."

"तुला काय वाटलं तेव्हा?"

"बरं वाटलं," गोजरी म्हणाली. यापेक्षा लाजिरवाणं वाक्य तिच्याजवळ नव्हतं.

ओटीतला पिंड भाजक्या मातीसारखा तडकला, आणि आतला आवाज खिडकीतून नदीपार गेला.

राणीने पंगतीवरून नजर फिरवली. तीनशे माना खाली होत्या. "आणखी कोणाचं आहे मागे?" हरबा बोटाने पानाची शीर खरवडत होता. राणी म्हणाली, "मागे कोणी नसलेला माणूस निष्ठावान असतो, असं माझ्या आजोबांनी मला शिकवलं. त्यांनी ते कधी तपासून पाहिलं नाही, आणि मीही पाहिलं नाही. तीनशे जणांना जेवायला घातलं आणि त्यांतला एकही खरा निघाला नाही." तिने पळी खाली ठेवली. तिचाही चेहरा शरमेने काळवंडला होता.

मग तिने आज्ञा केली. वेशीवरचा कायद्याचा दगड फोडला. जो येईल त्याने मागे कोण आहे ते सांगून यावं, आणि वाटेल तेव्हा भेटून यावं, असा नवा कायदा केला. तीनशे जणांना आपापला पिंड वर काढायला नदीत उतरवलं. थोडे आपणहून उतरले, बरेचसे भाल्याच्या टोकावर.

आणि अल्याड एकदम गलका झाला. पाच-पाच, दहा-दहा वर्षं कोंडलेले आवाज एका दिवशी सुटले. कोणालाही पश्चात्ताप झाल्यासारखं दिसलं नाही. "ही कल्पना तुझी होती," "माझी नव्हे, तात्याची," असं पारावर सुरू झालं. राजाने पहिली आज्ञा सोडली ती गप्प बसण्याची.

गोजरी पोचली तेव्हा हत्तीखान्यात सटवाजी गवतावर पडला होता. भोपळ्या गुडघे टेकून शेजारी बसला होता. आवाज परत आला तसं सटवाजीने त्याला पहिल्यांदा "बैस" म्हटलं होतं, आणि तो उठायलाच तयार नव्हता.

"आलीस?" सटवाजी म्हणाला. "तिकडची जागा?"

"गेली. पण नवा कायदा झालाय. सगळं खरं सांगून परत मागता येते."

"खरं सांगून," सटवाजी पुटपुटला. त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. "गवताचा कावळा काय करणार, असं मीच म्हणालो होतो पारावर. मोठ्याने म्हणालो होतो."

"आणि मी नाव स्पष्ट घेतलं होतं."

एकमेकांकडे बघायची दोघांनाही चोरी झाली होती. वैद्य येऊन गेला होता. आता मरण येऊ शकत होतं, आठ दिवस फार तर, असं तो म्हणाला होता.

"गोजरी," सटवाजी म्हणाला, "जाऊ नकोस."

त्या राज्यात कोणत्याही म्हाताऱ्याने कोणत्याही पोराला हे आजवर म्हटलं नव्हतं. पाच वर्षांपूर्वी बा हे बोलला असता तर ती राहिली असती का, हे गोजरीला ठाऊक नव्हतं. आता काय करणार हे तिला ठाऊक होतं, आणि तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

"जाणार आहे, बा. तू आहेस तोवर नाही."

"म्हणजे मी मरायची वाट बघत बसणार?"

गोजरीने मान खाली घातली. "हो."

सटवाजी हसला. हसताना बरगड्या दुखल्या तशी त्याने शिवी दिली, आणि ती शिवी अख्ख्या हत्तीखान्याला ऐकू गेली. "आता कशी खरं बोललीस," तो म्हणाला. "बस मग. पाणी दे."

ती बसली. पाणी दिलं, अंग पुसलं, रोज त्याची तीच बढाई पहिल्यांदा ऐकतेय अशी ऐकली. सातव्या दिवशी दुपारी सटवाजीला मरण आलं, त्याचं स्वतःचं, एकदाच. त्यामागून शंभर-शंभर वर्षांचे कितीतरी म्हातारे एकेक करून सुखाने गेले, आणि जाण्याआधी त्यांची पोरं येऊन त्यांचं ऐकून गेली. शाप फिटला, राज्य ताळ्यावर आलं.

बाचं तेरावं उरकून चौदाव्या दिवशी गोजरी नदीपाशी गेली. तिला पोचवायला कोणी आलं नाही. आळीतल्या बायका दारातून म्हणाल्या, "चालली बघा, बापाची राख थंड होतेय तोवर." त्या खोटं बोलत नव्हत्या. गोजरीने ते ऐकून घेतलं, नावेत बसली, आणि अल्याडचा काठ दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडे तोंड करून बसून राहिली.