तिळ्याचा मानाचा घास

खूप मागची गोष्ट. किती मागची विचाराल, तर गडांना दरवाजे होते आणि दरवाज्यांवर पहारे होते, तेव्हाची. लहानांनी पुढे बसा, मोठ्यांनी मागे बसलात तरी चालेल. पण कान मोठ्यांनीच जास्त उघडे ठेवा, कारण गोष्ट शेवटी त्यांच्यावरच येणार आहे.

एका उंच गडावर एक राजा होता. दुष्ट नव्हता हो. हात सढळ, मन मोठं, फक्त राग नाकाच्या शेंड्यावर. 'नाही' हा शब्द त्याच्यासमोर कुणी उच्चारत नसे, त्यामुळे तो शब्द ऐकायची त्याला सवयच राहिली नव्हती.

त्या गडावर एक रीत होती. शिकारीत जो सगळ्यांत मोठं धाडस करील, त्याला पहिल्या जनावराची कलेजी मिळायची. निखाऱ्यावर भाजलेली, सगळ्यांदेखत, खुद्द राजाच्या हातून. त्याला मानाचा घास म्हणत. तो नाकारणं म्हणजे गादीचा अपमान, आणि अपमानाला शिक्षा एकच, कडेलोट.

एकदा एका शिलेदाराने घास समोर आल्यावर हात जोडले. त्याचा सोमवारचा उपास होता, एवढंच. सूर्य मावळायच्या आत त्याला कड्यावरून ढकललं. त्याचं तांबडं मुंडासं मात्र कड्याच्या जरा खाली एका बोरीच्या काट्यांत अडकलं, ते अडकलंच. वारा आला की हलायचं. गडावरची माणसं त्या बाजूला बघायचं टाळत आणि पोरांनाही बघू देत नसत.

अशा गडावर एकदा समुद्रापलीकडचा एक सौदागर आला आणि त्याने राजाला कुत्रा नजर केला. पांढराशुभ्र, आणि अंगभर काळे ठिपके, परातभर भातावर काळे तीळ सांडावेत तसे. आज तुम्ही अशा कुत्र्याला डाल्मेशन म्हणता. तेव्हा गडावर कुणाला हे नाव ठाऊक असणार? राजाने त्याचं नाव ठेवलं तिळ्या.

सौदागर भर दरबारात म्हणाला, "महाराज, ह्याला घोड्याबरोबर पळवा, थकायचा नाही. पण खाण्याला जपा. कलेजी, गुर्दे, असलं आतलं मांस ह्याच्या जातीला सोसत नाही. लघवीत खडे धरतात आणि वाट बंद होते. पेज घाला, दही, अंडं, दुधी घाला, आणि पाण्याचं भांडं कधी रिकामं ठेवू नका."

राजाने मान डोलावली. राजाने डोलावली म्हणून दरबारानेही डोलावली. सगळ्यांनी ऐकलं, हे ध्यानात ठेवा.

तिळ्याला सांभाळायला हैबती नावाचा माणूस नेमला. नाव हैबती, पण गडी असा की पाल चुकचुकली तरी घाम फुटावा. त्याची बायको बनाबाई म्हणायची, तुमचं बारसं करणारी आत्या झोपेत होती की काय! पण हैबती मायेचा होता. रोज मऊ पेज शिजवायचा, तिच्यात दही कालवायचा, आणि तिळ्या जेवून त्याच्या पावलावर हनुवटी टेकून झोपला की पाय मुंग्यांनी बधिर झाला तरी हलवायचा नाही.

सगळं नीट चाललं होतं. नीट चाललं असतंही. पण एकदा रानात राजाचा घोडा घसरला, राजा खाली पडला आणि समोरून चवताळलेला रानडुक्कर आला. सोबतचे वीर झाडामागे गेले. तिळ्या तेवढा मध्ये उभा राहिला. मांडीवर सुळा लागला, तरी भुंकत राहिला, जागचा हटला नाही. तोवर भाले आले आणि राजा वाचला.

राजाचे डोळे भरून आले. त्याने गडावर येताच जाहीर केलं की आजपासून मानाचा घास तिळ्याचा, तोही एक दिवस नाही, रोज, जन्मभर. शिकार नसेल त्या दिवशी बोकडाची कलेजी आणा, पण घास चुकता कामा नये. आणि जो कुणी तिळ्याच्या मानाच्या आड येईल, त्याला कडा आहेच.

दरबारात चुळबुळ झाली. दिवाणाने वैद्यबुवांकडे पाहिलं, वैद्यबुवांनी छताकडे पाहिलं. हैबतीने तोंड उघडलं. तेवढ्यात खिडकीतून त्याला ते तांबडं मुंडासं हलताना दिसलं, आणि त्याचं तोंड आपोआप मिटलं. तिळ्याने शेपूट हलवत राजाच्या हातून कलेजी खाल्ली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आधी काही दिसलं नाही. मग हळूहळू तिळ्या भिंतीशी पाय वर करून फार वेळ उभा राहू लागला. थेंब थेंब यायचे. मग त्या थेंबांना रंग आला. पांढऱ्या फरशीवर हैबतीला तांबडा डाग दिसला. त्याने इकडेतिकडे बघत तो डाग पायाने पुसला. का पुसला? भीतीने, दुसरं काय. आपल्या हातून काही झालं असं कुणी म्हटलं तर?

तो वैद्यबुवांकडे गेला. त्यांनी गोखरूचा काढा दिला आणि दार लावून घेत कुजबुजले की काढा नुसता नावाला, आधी कलेजी थांबवायला हवी. हैबती म्हणाला, मग तुम्ही राजाला सांगा. वैद्यबुवा म्हणाले, माझी मुलगी उजवायची आहे, तू दिवाणांना सांग. दिवाण म्हणाले, राणीसाहेबांना सांग. राणीसाहेब म्हणाल्या, त्यांची मर्जी बघून सांगू. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला उंदीर जमले होते, आणि प्रत्येक जण दोरी शेजारच्याच्या हातात देत होता. आणि राजा? तिळ्या मलूल दिसला की म्हणायचा, अशक्त झालाय बिचारा, कलेजी वाढवा.

हैबती चोरून तिळ्याला ताकाचं पाणी पाजायचा. पण रोज दुपारी दरबारात नेऊन उभं करावं लागे, आणि तिळ्या रोज खाई. भूक नसली तरी खाई. राजाच्या हातचं त्याने कधी परत केलंच नव्हतं. हैबतीला तेच बघवत नसे. घरी येऊन तो बनाबाईला म्हणायचा, मला भीती वाटते गं. कुत्र्याच्या जिवाची वाटते, कड्याची वाटते, आणि माझी मलाच वाटते.

मग एका दुपारी तिळ्याचं एक थेंबही येईना. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, अंग थरथरत होतं. हैबतीने त्याला उचलूनच दरबारात आणलं. राजा तबकातली कलेजी घेऊन पुढे आला आणि लाडाने वाकला. तिळ्याने वास घेतला, मान फिरवली, राजाकडे पाहिलं, आणि कण्हत कण्हत तोंड उघडलं.

त्या क्षणी हैबतीने काय केलं ते त्यालाही नंतर नीट सांगता येत नसे. त्याने राजाच्या हातातून मानाचा घास हिसकावला आणि स्वतःच्या तोंडात कोंबला.

राजाचा हात तलवारीवर गेला. हैबती घास कसाबसा गिळून म्हणाला, "महाराज, हा घास त्याला मारतोय. मला ढकला, पण त्याला पेज घाला."

राजाने त्याला दंडाला धरून स्वतः कड्यापर्यंत ओढत नेलं. मागे सगळा दरबार, मान खाली घालून. आणि त्यांच्यामधून वाट काढत, पोट जमिनीला घासत तिळ्या आला. कड्याच्या टोकाशी तो राजा आणि हैबती यांच्या मध्ये येऊन उभा राहिला, रानात उभा राहिला होता तसाच. भुंकायचं त्राण नव्हतं. पाय थरथरले आणि पांढऱ्या दगडावर रक्ताचे दोन थेंब पडले.

राजा त्या थेंबांकडे बघत राहिला. मग त्याला सौदागर आठवला. त्याने वळून विचारलं, "सौदागर काय म्हणाला होता, ते कुणाकुणाला आठवत होतं?"

आधी वैद्यबुवांचा हात वर झाला. दिवाणांचा झाला. मग राणीचा. मग सगळ्यांचे.

राजाने हैबतीचा दंड सोडला. त्याचा चेहरा उतरला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला भीती वाटत होती, आणि ती कड्याची नव्हती. तो हळूच म्हणाला, "मला भिऊन तुम्ही एका कुत्र्याच्या पोटाचं मला सांगितलं नाही. मग बाकीचं काय काय सांगितलं नसेल?"



वैद्यबुवा आता धावले. गरम पाण्याचे शेक झाले, काढे झाले, हैबती तिळ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिला. पहाटे खडा सुटला आणि तिळ्या वाचला. पण आत जे दुखावलं ते दुखावलं. घोड्याबरोबर तो पुन्हा कधी पळाला नाही. दारात बसून घोडे जाताना बघायचा, आणि मग येऊन पेज खायचा. आता पेज राजा भरवायचा, आणि भरवण्याआधी हैबतीला विचारायचा, ही चालेल ना रे?

मानाची रीत मोडली नाही, पण पुढे ज्याचा मान त्यालाच विचारलं जाऊ लागलं, की बाबा, तुला काय सोसतं?

आणि एक झालं. राजा कमरेला दोर बांधून स्वतः कड्याखाली उतरला. ते तांबडं मुंडासं काट्यांतून सोडवून शिलेदाराच्या बायकोच्या हातात द्यायचं त्याच्या मनात होतं. पण इतक्या ऊनपावसात कापड पार कुजलं होतं. बोट लागताच त्याचा चुरा झाला आणि वाऱ्यावर उडून गेला. राजा रिकाम्या हाताने तिच्या दारात गेला. तिने दार उघडलं नाही.

म्हणून सांगतो, पोरांनो, आणि पोरांच्या आईबापांनो: घास भरवताना आपला हात बघू नये, खाणाऱ्याचं पोट बघावं, आणि त्याला 'नको' म्हणायची भीती वाटेल असं कधी वागू नये.