भंडाऱ्याची माकडं

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात खंडोबाचं देऊळ होतं आणि देवळात माकडांची एक टोळी राहत होती. रोज उधळल्या जाणाऱ्या भंडाऱ्याने त्या माकडांचे केस पिवळे झाले होते. गाव त्यांना देवाची माकडं म्हणे. डोंगरावर माकडांची दुसरी टोळी होती; ती मळकट, म्हणून उपरी. चांगली शहाणीसुरती माणसंही असंच म्हणत, याचंच वाईट वाटतं.

म्हाळू गुरव देवाची पूजा करी. पिवळ्या माकडांना तो आपल्या ताटातला घास काढून देई.

एका उन्हाळ्यात डोंगरावरचे झरे आटले. मळकट टोळी देवळाच्या कुंडावर पाणी प्यायला येऊ लागली. गाव चिडलं. त्यांना पिंजऱ्यात धरून पलीकडच्या माळावर सोडायचं, असं ठरलं. शेवटचा शब्द म्हाळूचा होता.

त्याच दिवसांत सुनीती नावाची एक संशोधक माकडांची विष्ठा आणि गळलेले केस गोळा करत होती. आईकडून लेकरांकडे जाणाऱ्या जनुकीय खुणा त्यात सापडतात. कोण कोणाच्या वंशातलं, कोणती शाखा आधीची, हे त्यावरून कळतं.

ती म्हणाली, "गुरवकाका, आठ दिवस थांबा. तपासणीचा निकाल येऊ द्या. कुंडात पाणी दोन्ही टोळ्यांना पुरेल एवढं आहे."

म्हाळू हसला. "घाणीवरनं सोयरीक लावता व्हय, बाई? आमची कुठली ते आमाला दिसतंय की!"

दुसऱ्या दिवशी तेवीस माकडं माळावर सोडली. तिथे झाड नव्हतं, पाण्याचा थेंब नव्हता आणि परतीची वाट त्यांना ठाऊक नव्हती.

आठव्या दिवशी निकाल आला. दोन्ही टोळ्या एकाच आईच्या वंशातल्या निघाल्या. त्यातही डोंगरावरची शाखा जुनी होती आणि देवळातली तिच्यातूनच फुटलेली होती.

म्हाळूच्या तोंडचं पाणी पळालं. घागर घेऊन तो माळावर धावला. सुनीतीही गेली. एक माकडीण तेवढी जिवंत होती. मेलेलं पिल्लू तिने पोटाशी धरलं होतं. म्हाळूने घागर पुढे ठेवली. ती पिल्लाला घेऊन मागे सरकली. म्हाळू लांब जाऊन बसला, तरी ती पाण्याजवळ आली नाही. दिवस मावळायच्या आत तिनेही जीव सोडला.

म्हाळू रडत म्हणाला, "बाई, आता ह्ये नातं घेऊन मी काय करू?"

"लिहून ठेवायचं," सुनीती म्हणाली. "दुसरं काही करायला आपण शिल्लकच ठेवलं नाही."

तात्पर्य: तहानलेल्याला आधी पाणी द्यावं, नातं मागून शोधावं. नातं निघालं नसतं, तरी तहान खरीच होती.