दोन बर्फगाड्या

उंच पहाडांच्या मुलखात थांगमो नावाचं एक गाव होतं. हिवाळा लागला की गावाची खिंड बर्फाने भरून जाई आणि मोटारींचा रस्ता वसंतापर्यंत बंद पडे. मग आजारी माणसाला खिंडीपलीकडच्या दवाखान्यात न्यायला एकच साधन उरे, ते म्हणजे बर्फगाडी. पुढे बर्फावर घसरणाऱ्या दोन पट्ट्या आणि मागे रबराचा रुंद, फिरता पट्टा, असं ते यंत्र. गावाकडे अशा दोन गाड्या होत्या. नदीच्या अलीकडच्या वस्तीची गाडी पाल्मो नावाची बाई चालवी, पलीकडच्या वस्तीची अंगदुई.

अंगदुई धिप्पाड, हसरा आणि कमालीचा धीट होता. वादळात इतर लोक दारं लावून घेत, तेव्हा तो गाडी बाहेर काढी. पाल्मो गाडी हाती येण्याआधी गावची पाणचक्की सांभाळायची. ती मोजकं बोलायची आणि गाडीही बेतानेच हाकायची. तिच्यामागे बसलेली माणसं कधी कधी पेंगायची.

शरद ऋतूत पिकं निघाली की खालच्या खोऱ्यात घोड्यांची जत्रा भरे. सारा गाव तिकडे जाई. पाल्मो मात्र त्या दिवसांत अंगणात गाडी उघडून बसे. बर्फगाडीच्या पोटात एक बंद पेटी असते. इंजिनाचा जोर मागच्या पट्ट्यापर्यंत पोहोचवणारी चेन या पेटीत तेलात फिरत असते. ती बाहेरून दिसत नाही, म्हणून तिची कोणाला आठवणही होत नाही. पाल्मो जुनं तेल काढून टाकी, तळाच्या चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा कीस पुसून घेई, बोटाने दाबून चेन किती सैल झाली ते बघे, दातेरी चाकांचा एकेक दात चाचपे. मग नवं तेल भरून पेटी बंद करी.

त्या वर्षी तिला चेनच्या कड्या झिजलेल्या दिसल्या. खिंड बंद व्हायच्या आत नवी चेन आणायला तिला शहरात जावं लागलं. उरलीसुरली जत्राही राहिलीच. निघताना वाटेत अंगदुई भेटला. त्याच्या घोड्याच्या गळ्यात रंगीत गोंडे होते. त्याचीही गाडी एकदा उघडून बघावी, असं तिने सुचवलं.

अंगदुई हसला. म्हणाला, "गेल्या हिवाळ्यात कुठे अडली का ती? नाही ना? मग धडधाकट गाडीचं पोट कशाला फाडायचं?"

हिवाळा आला. ऐन थंडीत नदीपलीकडे राहणाऱ्या नवांग मुखियाच्या पोटात कळा येऊ लागल्या. अंगदुईने त्याला मागे बसवलं आणि वादळाची पर्वा न करता निघाला. खिंडीच्या शेवटच्या चढावर गाडीच्या पोटात काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला. चेन तुटली होती. त्या गाडीचा ब्रेकही त्याच चेनमधून लागत असे, त्यामुळे तोही गेला. गाडी उतारावरून मागे घसरू लागली. मागे दरी होती. अंगदुईने सारी ताकद लावून हँडल वळवलं आणि गाडी बर्फाच्या ढिगात घातली. मग त्याने मुखियाला शालीने पाठीशी बांधलं आणि कमरेएवढ्या बर्फातून वाट काढत खिंड ओलांडली. मुखिया वाचला. थंडीने बधिर झालेली अंगदुईच्या पायाची दोन बोटं मात्र कापावी लागली.

बर्फ वितळल्यावर गावाने त्याचा सत्कार केला. मुखियाने स्वतःच्या हाताने त्याच्या गळ्यात पांढरं रेशमी वस्त्र घातलं. पाल्मोनेही घातलं, आणि मनापासून घातलं. अंगदुईने केलं ते सोपं नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. पण घरी परतताना तिला काहीतरी डाचत राहिलं. त्याच हिवाळ्यात तीही कितीतरी माणसांना खिंडीपार घेऊन गेली होती आणि परत घेऊन आली होती. कोणालाच काही झालं नाही, म्हणून कोणी काही बोललं नाही.

मोडलेली गाडी ओढून खाली आणली, तेव्हा ती दुरुस्त करायचं काम पाल्मोकडे आलं. तिने पेटी उघडली. तेलाचा काळा चिखल झाला होता आणि चेनच्या कड्या झिजून पातळ झाल्या होत्या. पेटी वेळेवर उघडली असती तर कोणालाही बर्फातून चालावं लागलं नसतं. तिने हे अंगदुईला एकट्याला गाठून सांगितलं.

त्याचा चेहरा उतरला. मग तो तुटकपणे म्हणाला, "लोक माझं नाव घेतात, ते तुला खुपतंय."

त्याचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं, आणि तेच पाल्मोला जास्त लागलं. तिने नवी चेन बसवून दिली आणि पेटीत काय सापडलं ते गावात कोणाला सांगितलं नाही.

पुढचा शरद आला. एका सकाळी नवांग मुखिया काठी टेकत पाल्मोच्या अंगणात आला. त्याची लेक थंडीत बाळंत होणार होती. तिला दवाखान्यात पाल्मोने न्यावं, अशी त्याने विनंती केली.

"पण काका, ती राहते नदीपलीकडे," पाल्मो म्हणाली. "तिकडची गाडी अंगदुईदादाची आहे."

"अंगदुई शूर आहे. त्याचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही," मुखिया म्हणाला. "पण माझ्या लेकीवर त्याचं शौर्य बघायची वेळ येऊ नये, एवढंच मला वाटतं."

असं काहीतरी कोणी म्हणावं, याची पाल्मो त्या सत्कारापासून वाट बघत होती. नुसतं हो म्हटलं असतं तरी संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं की मुखियाने अंगदुईला सोडून पाल्मोची गाडी निवडली. ती क्षणभर सुखावली. मग तिच्या मनात आलं की मुखियाची लेक माझ्या गाडीतून जाईल, पण पलीकडच्या बाकीच्यांचं काय? ती माणसं त्याच गाडीत बसणार.

ती म्हणाली, "लागलं तर नेईन. पण तुम्ही मला जे सांगितलंत, ते आधी त्याला सांगा. मीही येते."

तिने नट खोलायचे पाने आणि तेलाचा डबा बरोबर घेतला. दोघं नदी ओलांडून अंगदुईकडे गेली. मुखियाने तेच शब्द त्याच्यासमोर पुन्हा उच्चारले. पाल्मोला वाटलं, आता हा चिडणार. पण अंगदुई चिडला नाही. त्याने दोन बोटं गेलेल्या आपल्या पायाकडे एकदा बघितलं. मग तो उठला, पाल्मोच्या हातातला पाना घेतला आणि गाडीची पेटी स्वतः उघडली.

आतलं तेल दूध घातलेल्या चहासारखं दिसत होतं. उन्हाळाभर पेटीत ओल धरली होती आणि तिचं पाणी तेलात मिसळलं होतं. चेनवर गंज चढू लागला होता.

"ही तर नवी चेन होती," अंगदुई म्हणाला.

"हो, नवीच होती," पाल्मो म्हणाली.

ऊन कलेपर्यंत त्यांनी मिळून पेटी धुतली, चेन घासली, ओल आत शिरू नये म्हणून झाकणाला नवं सील बसवलं आणि नवं तेल भरलं. त्या दिवशी खालच्या खोऱ्यात घोड्यांची जत्रा होती. अंगदुई गेला नाही.

भर हिवाळ्यात मुखियाच्या लेकीला कळा सुरू झाल्या. अंगदुईनेच तिला नेलं. पाल्मोला बोलावणं आलं नाही. बर्फ पडत होता, खिंडीत वारा होता, आणि गाडी चढ चढून पलीकडे उतरली. मुलगी झाली. परत आल्यावर लोकांनी अंगदुईला घेरलं आणि वाटेत काय काय झालं ते विचारलं.

अंगदुईने आठवून बघितलं. "काही नाही," तो म्हणाला. "निघालो आणि पोहोचलो."

लोकांचा जरा हिरमोड झाला आणि ते पांगले. पाल्मो तिथेच उभी होती. तिला मात्र त्या उत्तराने फार बरं वाटलं.

तात्पर्य: संकटात दाखवलेलं धैर्य मोठं खरंच, पण संकट येऊच नये म्हणून आधी केलेली मेहनत त्याहून मोठी असते. तिची वाहवा होत नाही, म्हणून ती टाळू नये.