हैबतीने मूठ घासली

नदीपलीकडच्या एका गावात हैबती नावाचा एक भोळा गडी होता. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. पंचाईत तिथेच होती.

त्याचे मामा, केरबा लोहार, घडीचे चाकू करायचे. गिऱ्हाईक सांगेल तसं पातं, मागेल तशी मूठ. हैबतीचं लग्न काही जमत नव्हतं. शेवटी डाळिंबाच्या बागेचे मालक आबाजी यांनी मामांना एक चाकू करायला सांगितला आणि वर निरोप ठेवला, की मूठ हैबतीने घासावी. मूठ आवडली तर मुलगी देऊ.

मुठीसाठी मामांनी कापडाचे लाल आणि काळे थर राळेत दाबून केलेल्या दोन पट्ट्या कापल्या. करवतीच्या रेषा उठल्या होत्या. त्या दिसेनाशा होईपर्यंत घास, असं सांगून मामा बाजारात गेले. संध्याकाळी परत आले.

“रेषा गेल्या का रे?”

“गेल्या, मामा.”

“मग पट्ट्या दाखव.”

“त्यापण गेल्या.”

करवतीच्या रेषा सकाळीच गेल्या होत्या. पण थरांच्या रेषा पार तळापर्यंत होत्या. हैबतीही तळापर्यंत गेला होता.

मामांनी नव्या पट्ट्या कापून चाकूला बसवल्या आणि बजावलं, की जाडी कमी होऊ द्यायची नाही. हैबती म्हणाला, बरं मामा. तो घासू लागला. भुकटी पडली. म्हणजे जाडी कमी झाली. त्याने भुकटी गोळा केली आणि डिंकाने परत चिकटवली. पुन्हा घासलं, पुन्हा पडली, पुन्हा चिकटवली. दुपारपर्यंत मूठ तीळ लावलेल्या भाकरीसारखी दिसायला लागली.

मामांना शिंकांवर शिंका आल्या. ही भुकटी नाकात जाते, म्हणून कोरडं काही घासायचं नाही, आधी पाण्यात बुडवायचं, असं त्यांनी शिंकत शिंकत समजावलं. हैबती म्हणाला, बरं मामा. मग मामांनी त्याला चहासाठी स्टो पेटवायला सांगितला. हैबतीने काडी हातात घेतली. काडी घासायची असते, हे त्याला आठवलं. त्याने अख्खी काडेपेटी बादलीत बुडवली.

मामा शेजारी जाऊन चहा पिऊन आले.

मग त्यांनी मूठ स्वतः साफ करून दिली. आता आधी बारीक पॉलिश पेपर, मग मेण. सगळीकडून बोट फिरवून बघायचं. हाताला कुठेही टोचता कामा नये. हैबती म्हणाला, बरं मामा.

आणि खरोखरच मूठ सुरेख झाली. लाल-काळ्या थरांच्या लाटा उठल्या होत्या, वर काचेसारखी चकाकी. मामांना भरून आलं. त्यांनी कौतुकाने चाकू उघडला. पात्याची कड चमच्यासारखी गोल होती.

“तिथे फार टोचत होतं, मामा,” हैबती म्हणाला.

मामांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात दारात आबाजींची फटफटी थांबली.

“घासायला तुला मूठ दिली होती. पात्याला पुन्हा हात लावशील तर बघ,” मामा कुजबुजले. पाहुण्यांकडे धावता धावता त्यांना बोथट चाकू आठवला. “आणि मी बोलत बसतोय तोवर चाकूला धार लाव.”

हैबती विचारात पडला. पात्याला हात लावायचा नव्हता. चाकूला धार तर लावायची होती. पातं सोडलं तर चाकूत उरतं काय? त्याने कानस उचलली.

बाहेर आबाजींनी पिशवीतून आपल्या बागेतलं डाळिंब काढलं. चाकू यावरच बघू, म्हणाले. हैबतीने उघडा चाकू ताटलीत ठेवून अदबीने त्यांच्यापुढे धरला. आबाजींनी मूठ वरून न्याहाळली. चकाकी त्यांना पसंत पडली. मामांचा जीव भांड्यात पडला.

आबाजींनी पातं डाळिंबावर टेकवलं. ते सालीवरून घसरलं. त्यांनी मूठ घट्ट आवळली आणि जोर लावला. लाल थेंब ठिबकले. मामांना वाटलं, डाळिंब कापलं गेलं.

डाळिंबावर ओरखडासुद्धा नव्हता. आबाजी आपल्या तळहाताकडे बघत होते.

हैबतीने वाकून पाहिलं. त्याचा चेहरा खुलला.

“धार छान लागलीय ना, सासरेबुवा? एवढ्या जोराची गरजच नव्हती. नुसतं धरलं तरी कापतं.”

आबाजी उठले. हाताला रुमाल बांधला आणि चालू लागले. जाताना डाळिंबही घेऊन गेले.