गुहेतल्या उगमाची ओटी

एका राज्यात नदी होती मायाळू आणि राजा होता उतावळा. नदीचं नाव शुभ्रा. सगळी राजधानी तिच्याच पाण्यावर जगायची. डोंगरात तिचे तीन उगम. धबधबा पावसाळाभर गर्जायचा, रानातला झरा होळीपर्यंत पुरायचा, आणि गुहेतला झरा, बोटभर धारेचा, भर वैशाखातही नदी वाहती ठेवायचा.

पण राणी दरसाल नदीची ओटी भरायची ती धबधब्यापाशीच. दिसेल त्याला मान, दुसरं काय! त्यात एका मांत्रिकाने राजा चंडसेनाचे कान भरले, "महाराज, बाकीचे दोघे चोर. त्यांची तोंडं बुजवा, धबधबा दुप्पट होईल." राजाने बुजवली. रानातल्या झऱ्यावर शिळा, गुहेतल्यावर सोन्याचा हंडा, दोन्ही मंतरलेले. झालं! श्रावणात पूर आणि चैत्रात पात्रात धूळ.

दवंडी पिटली, "अमावास्येच्या आत नगर सोडा." हौदाची राखणदार सगुणा हिने ती ऐकली. बाप अंथरुणाला खिळलेला, त्याला टाकून जायचं? छे! वाट्याला आलेलं तांब्याभर पाणी घेऊन तिने डोंगर गाठला.

धबधब्याच्या कोरड्या कड्यावर धनेश पक्षी बसला होता. तो म्हणाला, "मुली, कामं तीन. कड्याला खरं सांग, शिळेला सावली दे, हंड्याला हात लावू नकोस."

"तू एकटा पुरा पडत नाहीस," सगुणाने कड्याला ठणकावलं. दगड कोसळले, ती हलली नाही. मग शिळेभोवती तिने उंबराची सात रोपं लावली. ती क्षणात वाढली, शिळा बाजूला सरकली.

गुहेत सोनं बोललं, "मला घरी ने." सगुणाने तिकडे पाहिलंही नाही. पाठोपाठ नदीचा आवाज आला, "इथं माझी ओटी कधी कुणी भरली?"

सगुणाचा जीव तुटला. तांब्यातलं पाणी तिने स्वतः न पिता परतल्यावर बापाला द्यायला राखलेलं. तरी तिने तेच ओटी म्हणून झऱ्याच्या तोंडाशी ओतलं. हंडा विरघळला, मांत्रिकाची वाचा गेली आणि धार सुटली.

राजा घाटावर धावला. "एवढीशीच?"

"एवढीशीच, महाराज," डोंगर उतरून आलेली सगुणा म्हणाली. "पण रोज."

राजाने मान खाली घातली. त्या सालापासून राणी पहिली ओटी गुहेत भरू लागली. आणि त्या दिवशी पहिली घागर सगुणाने बापाकडे नेली. राजा रांगेत उभा राहिला.