साळुंकीचा होकार

खूप खूप जुन्या काळची ही गोष्ट आहे. तेव्हा राज्यं लहान होती आणि वाटा लांब होत्या. छोट्यांनो, पुढे सरकून बसा. आणि मोठ्यांनो, तुम्ही नुसतं ऐकल्यासारखं करत असाल तरी चालेल. गोष्ट खरं तर तुमचीच आहे.

एका गावाच्या टोकाला, नदीच्या वळणावर, एक शास्त्रीबुवा राहत. मोठे विद्वान. गणित म्हणू नका, ज्योतिष म्हणू नका, व्याकरण म्हणू नका, सगळं त्यांना मुखोद्गत होतं. विद्येच्या नादात लग्नाचं राहूनच गेलं. आईवडील गेले, ज्यांच्यापाशी शिकले ते गुरूही गेले, आणि घरात शास्त्रीबुवा एकटे उरले.

गावात त्यांना मान होता. ते ओट्यावर बसलेले दिसले की रस्त्याने जाणारी माणसं आवाज खाली करत, हात जोडत आणि पुढे जात. थांबत मात्र कोणी नसे. एवढ्या मोठ्या माणसाशी बोलायचं तरी काय, असं त्यांना वाटे. संध्याकाळी घराघरांतून ‘चला, पानं घेतली’ अशा हाका ऐकू येत. शास्त्रीबुवा आपल्या हाताने भात शिजवत, आपल्याच हाताने वाढून घेत आणि भिंतीकडे तोंड करून जेवत. त्यांना फार एकटं वाटे. पण हे सांगायचं कुणाला?

एके दिवशी गावात दवंडी पिटली गेली. राजाच्या लेकीला शिकवायला गुरू हवा होता. सुगी संपली की निवड व्हायची होती. ज्याची निवड होईल त्याने राजवाड्यातच राहायचं आणि रोज राजघराण्याच्या पंगतीला बसून जेवायचं.

बाकी काय मिळणार ते शास्त्रीबुवांनी ऐकलंच नाही. पंगत हा शब्द ऐकला आणि त्यांचं मन तिथेच अडकलं. डावीकडे कोणीतरी, उजवीकडे कोणीतरी, आणि ‘गुरुजी, अजून थोडं घ्या ना’ म्हणणारी एक लहान मुलगी. काहीही झालं तरी हे काम मिळवायचंच, असं त्यांनी ठरवलं.

तयारीला त्यांनी चंद्राच्या कलांचा पाठ निवडला. तो का वाढतो, का घटतो, अमावास्येला का दिसत नाही, हे त्यांनी असं गुंफलं की ऐकणाऱ्याने मान डोलावतच राहावी. धोतरजोडी धुऊन घडी घालून ठेवली. आवाज कुठे चढवायचा, कुठे उतरवायचा, तेही ठरवलं. फक्त एकच उणीव होती. शिकवायचं तर समोर कोणी शिकणारं हवं.

पलीकडच्या घरात एक म्हातारी राहत होती. तीही एकटीच होती. लेक दूरच्या गावी दिलेली, वरचेवर ‘माझ्याकडे ये’ म्हणून निरोप धाडायची, पण म्हातारी काही जात नसे. ती अधूनमधून शास्त्रीबुवांना ताकाचा गडू आणून देई. तयारीचं तिच्या कानावर आलं, तशी ती दारात येऊन म्हणाली, “मला शिकवा की. मला काहीच येत नाही. तुमच्या सरावाला बरंच हाय ते.”

शास्त्रीबुवांना पटलं. त्यांनी तिला पाटावर बसवलं आणि पाठाला सुरुवात केली. पहिलं वाक्य झालं, दुसरं झालं, आणि म्हातारीने हात वर केला.

“थांबा, शास्त्रीबुवा. चंद्र घटतो, तर उरलेला जातो कुठं?”

“कुठे जात नाही, आजी. तिथेच असतो. आपल्याला दिसत नाही इतकंच.”

“दिसत नाही, तर असतो हे कशावरून म्हणायचं?”

शास्त्रीबुवा घोटाळले. उत्तर त्यांना येत होतं, पण ते पाठात पुढे, सूर्याच्या प्रकाशाचा भाग आल्यावर यायचं होतं. “आधी सगळं ऐकून घ्या,” ते म्हणाले. म्हातारीने पदर सावरला आणि ऐकू लागली. पण थोडं ऐकलं की तिचा हात वर. मला नाही उमगलं. पुन्हा सांगा. हे असं का, आणि तसं का नाही? दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्या दिवशीही तेच. पाठ एकदाही शेवटाला गेला नाही. पालथ्या घड्यावर पाणी, असं शास्त्रीबुवा मनाशी म्हणाले, आणि एका सकाळी ते दारातच आडवे उभे राहिले.

“आजी, तुमच्यामुळे माझी लय तुटते. निवड होईपर्यंत येऊ नका.”

“बरं,” म्हातारी म्हणाली. तिने ताकाचा गडू उंबऱ्यावर ठेवला आणि ती आपल्या घराकडे वळली. चालता चालता ती एकदा थांबली, जणू आणखी काही विचारायचं राहिलं होतं, पण विचारलं नाही.

हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, असं आपण मुलांना सांगतो. पण हातात काय आहे, हे आधी कळायला नको का? शास्त्रीबुवांना ते कळलं नाही. त्यांना हायसं वाटलं.

घरात एक साळुंकी होती. पिल्लू असताना ती वळचणीतून खाली पडली होती आणि शास्त्रीबुवांनी तिला वाढवलं होतं. साळुंकीला चार शब्द बोलायला शिकवता येतं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यांनी भाताची शितं दाखवून तिला एकच वाक्य शिकवलं. त्यांनी ‘समजलं?’ असं विचारायचं, आणि तिने मान वाकडी करून म्हणायचं, “समजलं, गुरुजी.”

मग काय विचारता! पाठ पाण्यासारखा वाहू लागला. शास्त्रीबुवा सांगत, थांबत, विचारत, आणि साळुंकी होकार देई. त्या घरात कित्येक वर्षांत त्यांना कोणी गुरुजी म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हळूहळू असं झालं, की पाठ ते होकारासाठीच सांगू लागले. दुधाची तहान ताकावर भागवावी म्हणतात. इथे तर दारातलं ताकही गेलं होतं, आणि शास्त्रीबुवा नुसत्या गडूच्या आवाजावर खूश होते.

सुगी संपली. शास्त्रीबुवा घडीचं धोतर नेसून राजधानीला गेले.

त्या राज्यात गुरू निवडण्याची रीत वेगळी होती. उमेदवाराची विद्या कोणी तपासत नसे. इथवर येणाऱ्याला विद्या असणारच, असं धरून चालत. एकेकाने राजकन्येला एकेक पाठ द्यायचा. राजमाता पडद्याआड बसून ऐकणार. पाठ संपला की राजकन्येने आत जायचं, आणि मग राजमाता उमेदवाराला एकच प्रश्न विचारणार. तो प्रश्न कोणता, हे बाहेर कोणालाच माहीत नव्हतं.

शास्त्रीबुवांच्या आधी एक किडकिडीत तरुण आत गेला. तो बोलताना अडखळत होता. त्याचा पाठ अर्ध्यावरच राहिला आणि तो खाली मान घालून बाहेर आला. शास्त्रीबुवांना त्याची कीव आली.

मग त्यांची पाळी आली. समोर राजकन्या बसली होती. लहानशी, गंभीर चेहऱ्याची, हात मांडीवर ठेवून. शास्त्रीबुवांनी चंद्राचा पाठ असा काही सांगितला, की दारावरचा पहारेकरीसुद्धा भान विसरून ऐकू लागला. मध्ये एकदा राजकन्येच्या कपाळाला आठी पडली. तिने तोंड उघडलंही. पण नेमकी तीच थांबण्याची जागा होती, आणि शास्त्रीबुवांनी सवयीने विचारलं, “समजलं?”

राजकन्येने तोंड मिटलं, आणि मग हळूच म्हणाली, “समजलं, गुरुजी.”

शास्त्रीबुवांचा ऊर भरून आला. पंगत त्यांना डोळ्यांपुढे दिसू लागली.

पाठ संपला, राजकन्या आत गेली, आणि पडद्याआडून राजमातेचा आवाज आला. “पाठ फार सुंदर झाला, शास्त्रीबुवा. आता एवढंच सांगा, आमच्या नातीला त्यातलं काय समजलं नाही?”

शास्त्रीबुवा गोंधळले. सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यांनी तयार केली होती. हा प्रश्न त्यांच्या मनातही आला नव्हता. “सगळं समजलं, आईसाहेब. ती स्वतःच तसं म्हणाली.”

राजमातेने नातीला बाहेर बोलावलं. “बाळ, खरं सांग. काय कळलं नाही?”

राजकन्या पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, “मला अगदी सुरुवातीपासूनच कळलं नाही, आजी. पण मी हो म्हटलं की गुरुजींना इतकं बरं वाटत होतं. मला त्यांचं मन मोडवेना.”

“ही कोणालाच नाही म्हणत नाही,” राजमाता म्हणाली. “असं वळण आम्हीच लावलं, चूक आमची आहे. म्हणून तर हिला असा गुरू हवा, जो हिच्या होकारावर थांबणार नाही. तुमच्या आधीचा तो तरुण म्हणाला, ‘मुलीला भागाकार करता येतो, पण बाकी का उरते हे उमगत नाही. मी तिथेच थांबलो, पाठ पुढे गेलाच नाही.’ आम्ही त्यालाच ठेवून घेत आहोत. तुम्ही आज जेवून जा.”

शास्त्रीबुवा जेवायला थांबले नाहीत. वाटभर त्यांना राजकन्येचा राग आला नाही, राजमातेचाही नाही. आठवत राहिला तो म्हातारीचा वर केलेला हात. राजमातेने तिच्याबद्दल विचारलं असतं, तर सगळं सांगता आलं असतं. तिला काय कळलं नव्हतं, कुठे कळलं नव्हतं, सगळं त्यांना पाठ होतं. समोरच्याला काय कळत नाही, हे ते तिच्याकडूनच शिकत होते आणि त्यांनीच तिला दारातून परत पाठवलं होतं.

गावात शिरले ते आपल्या घरी न जाता थेट म्हातारीच्या दारी गेले. निवड उरकली होती, आता यायला हरकत नाही, असं तिला सांगायचं होतं. आणि चंद्राचं ते राहिलेलं उत्तरही द्यायचं होतं.

दाराला बाहेरून कडी होती. पलीकडची एक बाई अंगण झाडत होती. तिने झाडू खाली ठेवून हात जोडले.

“आजी लेकीकडं गेल्या, शास्त्रीबुवा. कायमच्या. इतकी वरसं लेक बोलवत होती, पण जात नव्हत्या. म्हणायच्या, शास्त्रीबुवांपाशी जाऊन काहीबाही इचारते, तेवढंच बोलणं होतं. आता म्हणाल्या, बोलायलाच कोणी नाही, तर इथं राहून काय करू?”

शास्त्रीबुवा म्हणाले, “मला त्यांना एक सांगायचं होतं.”

“जी,” बाई म्हणाली. काय सांगायचं होतं, हे तिने विचारलं नाही. एवढ्या मोठ्या माणसाला कसं विचारणार? तिने पुन्हा हात जोडले आणि ती आत गेली.

शास्त्रीबुवा त्या बंद दारापुढे ओट्यावर बसले. दिवस मावळला, घराघरांतून जेवणाच्या हाका आल्या आणि थांबल्या. रस्त्याने माणसं येत होती, त्यांना बघून आवाज खाली करत होती आणि पुढे जात होती.

म्हणून, ऐकणाऱ्यांनो, ध्यानात ठेवा: होकार देणारे पुष्कळ भेटतात, पण ‘मला कळलं नाही’ असं तोंडावर सांगणारं माणूस आपलं असतं, त्याला दारातून परत पाठवू नये.